पकडीमागचा स्पर्श

चहाचा कप आपण दिवसातून कितीदा तरी उचलतो. पण कसा उचलतो, याचा विचार कधी करत नाही. तो मनात येतो कप हातातून निसटू लागल्यावर. अशा वेळी ‘नीट धरता येत नाही का?’ हा घरातला प्रश्न ज्येष्ठांच्या जिव्हारी लागतो. नीट धरणे म्हणजे नेमके काय, हे यंत्रमानवाचे हात घडवणाऱ्या अभियंत्यांनाही सहजी उमगलेले नाही.

मानवी हातात २७ हाडे असतात. बोटे मिटवणारे मुख्य स्नायू मात्र कोपर आणि मनगट यांच्यामधल्या भागात असतात. दुसऱ्या हाताने तो भाग धरून बोटे हलवून पाहावीत. आतली हालचाल जाणवते. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांप्रमाणे कंडरा तेथून बोटे ओढतात.

ही रचना जशीच्या तशी उतरवून प्रत्येक सांध्याला वेगळी मोटर बसवली, की यांत्रिक हात जड, नाजूक आणि चालवायला अवघड होतो. मात्र १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, निरनिराळ्या वस्तू धरताना हात जे आकार घेतो, त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक वैविध्य दोनच मूळ हालचालींच्या मिश्रणातून उलगडते. म्हणजे आपली बोटे सुटी नव्हे, संगनमताने चालतात. याच विचारातून इटलीतील पिसा विद्यापीठ आणि इटालियन तंत्रज्ञान संस्था यांनी ‘सॉफ्टहँड’ घडवला. त्यात १९ सांधे आहेत आणि मोटर एकच. एक बोट वस्तूला टेकून थांबले, तरी उरलेली बोटे पुढे मिटत राहतात आणि वस्तूच्या आकाराशी जुळवून घेतात.

तरीही एक उणीव राहते, ती स्पर्शाची. स्वीडनमधील शास्त्रज्ञ रोलँड योहान्सन यांनी निरोगी व्यक्तीच्या बोटांची टोके बधिर करून काडेपेटीतील काडी पेटवायला सांगितली. हाताची ताकद तीच होती. पण एरवी सहज होणाऱ्या कामाला चाचपडत कितीतरी अधिक वेळ लागला. आपल्या तळहाताच्या बाजूच्या त्वचेत सुमारे १७,००० स्पर्शग्राही चेतातंतू असतात. वस्तू किंचित सरकताच ते वर्दी देतात आणि सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात पकड आपोआप घट्ट होते.

वयानुसार ही वर्दी मंदावते. त्वचा कोरडी व गुळगुळीत होते, म्हणून वस्तू लवकर घसरते. त्यामुळे अनेक ज्येष्ठ गरजेपेक्षा जास्त जोर लावतात आणि त्यांचा हात लवकर थकतो. यात दोष निष्काळजीपणाचा नाही.

मग वस्तूच बदलावी. मोठ्या कानाचा कप, जाड मुठीचा चमचा, गुळगुळीत पेल्याला रबराची पट्टी, अर्धाच भरलेला कप, यांनी बराच फरक पडतो. कोरड्या हातांना मलम लावून ते नीट जिरू द्यावे. वस्तू उचलताना नजर हातावर असावी. घरच्यांनीही त्या क्षणी बोलण्यात गुंतवू नये.

बोटांना सतत मुंग्या येत असतील किंवा बधिरता वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असल्यास विशेषच. एक हात एकाएकी लुळा पडला, तर मात्र क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

एरवी कप निसटलाच, तर फरशी पुसावी, दुसरा चहा करावा आणि या वेळी तो मोठ्या कानाच्या कपात द्यावा.