मधुमेहींचा रक्तदाब आणि संप्रेरके

मधुमेह व उच्च रक्तदाब हे विकार एकाच देहात इतक्या वेळा एकत्र नांदतात की, त्यास निव्वळ योगायोग म्हणणे कठीण आहे. तरीही साखरेची गोळी वेगळी, दाबाची वेगळी, अशी वाटणी मनात पक्की असते. वस्तुतः या दोहोंना बांधणारा धागा संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा आहे आणि तो मुख्यतः मूत्रपिंडातून जातो. शाळेच्या वहीत आपण सर्वांनी घेवड्याच्या दाण्यासारखी आकृती काढली, ते हे मूत्रपिंड.

१८९८ साली स्टॉकहोम येथे टायगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला, तेव्हा त्याचा रक्तदाब चढला. त्या द्रव्यास त्यांनी ‘रेनिन’ हे नाव दिले. पुढची साखळी उलगडण्यास अर्धशतक लागले. यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनाचा रेनिन तुकडा पाडते. रक्तवाहिन्यांच्या, विशेषतः फुप्फुसांतील वाहिन्यांच्या, अस्तरातील एक विकर तो तुकडा आणखी छाटते आणि ‘अँजिओटेन्सिन-दोन’ हे प्रबळ संप्रेरक सिद्ध होते. ते वाहिन्या आवळते, तसेच मूत्रपिंडावर टोपीप्रमाणे बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन स्रववते. अल्डोस्टेरॉन मीठ राखून ठेवते आणि मिठामागोमाग पाणी राहते. रक्तस्राव वा अतिसार झाला असता हीच यंत्रणा प्राण वाचवते.

मधुमेहात मात्र ती नको तेथे जागी राहते. प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहात इन्सुलिनचा साखरेवरील प्रभाव मंदावतो, म्हणून शरीर ते अधिक स्रवते. मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवण्यास सांगण्याचे त्याचे काम मात्र फारसे मंदावत नाही. सुटलेल्या पोटाची चरबीही अँजिओटेन्सिनचा कच्चा माल पुरवते. गंमत अशी की, अशा रुग्णाच्या रक्तात रेनिन मोजले तर ते पुष्कळदा कमीच भरते. साखळीचे काम चालते ते मूत्रपिंडाच्या ऊतींत.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणीत रक्त आणणारी वाहिनी मधुमेहात सैलावते आणि बाहेर नेणारी वाहिनी अँजिओटेन्सिन आवळून धरते. पाटाचे तोंड मोकळे आणि मोरी तुंबलेली, अशी ही अवस्था. आतला दाब वाढतो, गाळणी झिजते, लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपू लागते. यात दुखत काहीच नाही. म्हणूनच लघवीतील अल्ब्युमिनची वार्षिक तपासणी साखरेच्या तपासणीइतकीच आवश्यक आहे.

ही साखळी तोडणारे पहिले गोळीरूप औषध, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधील जराराका सर्पाच्या विषाच्या अभ्यासातून निघाले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. १९९३ साली इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या ४०९ मधुमेहींवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. मूत्रपिंडाचा ऱ्हास कॅप्टोप्रिलने जवळजवळ निम्म्याने घटला, आणि हा लाभ केवळ रक्तदाब उतरल्याचा नव्हता. २००१ साली लोसार्टन व इर्बेसार्टन यांनी प्रौढांच्या मधुमेहातही असाच गुण दाखविला. अल्डोस्टेरॉनला अडविणाऱ्या फिनेरेनोनचा उपयोग २०२० मध्ये सिद्ध झाला.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. गोळी सुरू केल्यावर गाळणीतील दाब उतरतो, त्यामुळे क्रिअॅटिनिन आरंभी किंचित वाढलेले दिसते. “औषधाने किडनी बिघडली” असे म्हणून कित्येक जण गोळी परस्पर सोडतात आणि तिच्याबरोबर मूत्रपिंडाचे संरक्षणही गमावतात. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ बहुधा अपेक्षितच असते. त्याहून अधिक झाल्यास वैद्यांनी कारण शोधावे. कोरडा खोकला छळत असेल तर गोळी बदलून मिळते. गर्भारपणात मात्र यांतील कोणतेच औषध चालत नाही.

मिठाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली, म्हणजे लहान चमचाभराहूनही कमी, आणि तीत पापड, लोणचे, सुकी मासळी सारे आले. मीठ अधिक असेल तर या गोळ्यांचा प्रभावही उणावतो. सैंधव घेतल्याने सुटका नाही, तेही मीठच. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम असते आणि या गोळ्याही रक्तातील पोटॅशियम वाढवितात. म्हणून मूत्रपिंड दुबळे असलेल्या मधुमेहीने ते वैद्यांना विचारल्यावाचून घरात आणू नये.