मोटारविद्येचे शिक्षण व आपली मुले

मुलाने “मला मोटारीचे काम शिकावयाचे आहे” असे म्हटले की आपल्या व्यापारी घरांत वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. फार झाले तर “आधी इंजिनिअरची पदवी घे” एवढी सवलत मिळते. वास्तविक प्रीमियर ऑटोमोबाइल्स हा मोटारींचा कारखाना १९४४ साली काढणारे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद आपल्याच समाजातले.

पदवीविषयी मात्र घोटाळा नसावा. कोसाडहून तापी ओलांडली की १९६१ साली स्थापन झालेले सरदार वल्लभभाई अभियांत्रिकी महाविद्यालय लागते. आज ती राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आहे. तेथील यंत्र अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी उत्तमच. परंतु बिघडलेली गाडी दुरुस्त करणारा कारागीर घडविणे हा तिचा हेतूच नव्हे.

कारागिराची वाट आयटीआयमधून जाते. दहावीनंतर मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. पदवीच हवी असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली बी.व्होक. ही तीन वर्षांची कौशल्यप्रधान पदवी आणली. मोटारीचा विषय मात्र थोड्याच ठिकाणी असतो. माझ्या मते दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका सर्वांत बरी. हात घडतो, आणि पुढे अनेक महाविद्यालयांत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो.

आम्हां धान्यवाल्यांचा सारा व्यवहार ट्रकच्या चाकांवर. भर पावसात गव्हाची गाडी वाटेत अडली की पोती भिजण्याची धास्ती. पूर्वी मिस्त्री नुसत्या आवाजावरून दोष ओळखी. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके आली. धूर शुद्ध करण्यास युरियाचे द्रावण आणि जागोजागी सेन्सर आले. आता एखादा सेन्सर बिघडला तरी गाडीचा जोर उतरतो, आणि स्कॅनर लावल्यावाचून दोष सापडणे कठीण. असा जाणता मनुष्य हमरस्त्यावर शोधून मिळत नाही.

गव्हाचा नमुना मुठीत घेतल्याखेरीज आपण सौदा करीत नाही. तद्वत प्रवेशापूर्वी पालकांनी संस्थेच्या कार्यशाळेत स्वतः जाऊन यावे. सुटी केलेली जुनी इंजिने तेथे दिसतीलच. नव्या मानकाची चालू गाडी व स्कॅनर विद्यार्थ्यांच्या हाती देतात काय, आणि गेल्या वर्षीची किती मुले कोणत्या कारखान्यात उमेदवारीस लागली, हे विचारावे.