एमपीयू-६०५०

एमपीयू-६०५० हा त्वरण आणि कोनीय वेग या दोन राशी प्रत्येकी तीन अक्षांवर मोजणारा एक सूक्ष्म गतिसंवेदक आहे. तो इन्व्हेन्सेन्स या अमेरिकन कंपनीने विकसित केला. २००३ साली स्थापन झालेली ही कंपनी २०१७ मध्ये जपानच्या टीडीके या उद्योगसमूहाने विकत घेतली. ही चिप ४ मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि १ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची असून तिला हाताने सोल्डर करणे अवघड जाते. त्यामुळे हौशी प्रयोगकर्ते आणि विद्यार्थी ती बहुधा ‘जीवाय-५२१’ या नावाने मिळणाऱ्या छोट्या तयार बोर्डच्या रूपात वापरतात. स्वतःचा तोल सांभाळणारा दुचाकी रोबो, चार पंख्यांचे ड्रोन, हाताच्या हालचालीने चालणारी खेळण्यातली गाडी अशा प्रकल्पांत हा बोर्ड हमखास आढळतो.

माणसाची चाहूल लागताच दिवा लावणाऱ्या पीआयआर उपकरणालाही व्यवहारात ‘मोशन सेन्सर’ म्हणतात. ते समोरच्या वस्तूच्या उष्णतेतील बदल टिपते. एमपीयू-६०५० मात्र केवळ स्वतःची, म्हणजेच ज्या वस्तूवर तो बसवला आहे तिची, हालचाल मोजतो.

नेमके काय मोजले जाते?

हा संवेदक कोन सांगतो, अशी नवशिक्यांची समजूत असते. वस्तुतः तो कोन मोजत नाही, वेग मोजत नाही आणि स्थानही मोजत नाही. त्वरणमापक आणि जायरोस्कोप (घूर्णदर्शी) हे त्याचे दोन भाग वेगवेगळ्या राशी देतात आणि कोन हा त्या राशींवरून गणिताने काढावा लागतो. प्रकल्पांमध्ये येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका गैरसमजात असते.

त्वरणमापकात सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर एक वस्तुमान तोललेले असते. ते हलले की त्याला जोडलेल्या आणि समोरच्या स्थिर पट्ट्यांमधील अंतर बदलते, त्याबरोबर त्यांची धारकता बदलते आणि हा बदल विद्युत् संकेताच्या रूपात वाचला जातो. टेबलावर स्थिर ठेवलेल्या संवेदकाचे त्वरण शून्य असते, पण त्याचा उभा अक्ष १ जी, म्हणजे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, एवढे मूल्य दाखवतो. उलट तोच संवेदक हातातून सोडला, तर पडत असताना तिन्ही अक्षांवर जवळजवळ शून्य येते. याचे कारण असे की, स्प्रिंगेला गुरुत्वाकर्षण जाणवत नाही. टेबलाने वरच्या दिशेने दिलेला आधार तेवढा जाणवतो. स्थिर अवस्थेत या आधाराची दिशा ठाऊक असल्यामुळेच संवेदक किती कलला आहे हे काढता येते.

जायरोस्कोपात फिरणारे चाक नसते. त्यातील वस्तुमान सेकंदाला सुमारे ३० हजार वेळा कंप पावत असते. चिप फिरली की कोरिऑलिस परिणामामुळे हे कंपन किंचित आडव्या दिशेने ढळते आणि त्या ढळण्यावरून दर सेकंदाला किती अंश फिरणे झाले ते समजते.

त्वरणमापकाचा पल्ला ±२, ±४, ±८ किंवा ±१६ जी आणि जायरोस्कोपचा ±२५०, ±५००, ±१००० किंवा ±२००० अंश प्रति सेकंद असा निवडता येतो. प्रत्येक मापन १६ बिटांचे असते. सर्वांत लहान पल्ल्यावर १ जी म्हणजे १६३८४ आणि १ अंश प्रति सेकंद म्हणजे १३१ ही संख्या मिळते.

जोडणी

जीवाय-५२१ बोर्डवर आठ पिना असतात. सुरुवातीला त्यांपैकी चार पुरतात: विद्युत् पुरवठ्याची व्हीसीसी, भूमीची जीएनडी, घड्याळ-संकेताची एससीएल आणि माहितीची एसडीए. संदेशवहन ‘आयटूसी’ या दोन तारांच्या पद्धतीने होते. आर्डुइनो उनोवर एसडीए ए४ ला आणि एससीएल ए५ ला जोडतात. रास्पबेरी पायवर एसडीए ३ क्रमांकाच्या आणि एससीएल ५ क्रमांकाच्या पिनेला, पुरवठा १ क्रमांकाच्या ३.३ व्होल्टच्या पिनेला आणि भूमी ६ क्रमांकाच्या पिनेला जोडावी.

मूळ चिपला ३.४६ व्होल्टपेक्षा जास्त पुरवठा चालत नाही. जीवाय-५२१ वर व्होल्टेज नियामक असल्याने त्याला ५ व्होल्ट देता येतात, पण नियामक नसलेले बोर्डही बाजारात आहेत. रास्पबेरी पायच्या पिना ५ व्होल्टचा संकेत सहन करत नाहीत, म्हणून तेथे ३.३ व्होल्टच वापरणे इष्ट. आर्डुइनो उनोची अडचण उलटी आहे. त्याच्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला आयटूसीचा संकेत ओळखण्यासाठी नियमाप्रमाणे ३.५ व्होल्ट लागतात आणि बोर्ड ३.३ व्होल्टच देतो. तारा आखूड असतील तर प्रत्यक्षात काम भागते. लांब तारांवर मात्र पातळी बदलणारे परिपथ मध्ये घालावे लागते. बोर्डसोबत सुट्या मिळणाऱ्या पिना सोल्डर न करता नुसत्या छिद्रांत खोचून ठेवणे हे ‘संवेदक सापडत नाही’ या तक्रारीचे सर्वांत सामान्य कारण आहे.

पहिले वाचन

आयटूसीवर प्रत्येक उपकरणाला पत्ता असतो. या संवेदकाचा पत्ता षोडशमान पद्धतीत ६८ आहे. एडी० ही पिन ३.३ व्होल्टला जोडली की तो ६९ होतो. डीएस१३०७ आणि डीएस३२३१ या लोकप्रिय घड्याळ-चिपांचा पत्ताही ६८ च आहे. त्यामुळे वेळेसह नोंदी ठेवणाऱ्या प्रकल्पात दोन्ही एकत्र आले की गोंधळ होतो आणि दोष तारांमध्ये शोधला जातो. रास्पबेरी पायवर आधी मांडणीच्या यादीतून आयटूसी सुरू करून ‘आयटूसीडिटेक्ट’ ही आज्ञा चालवली, तर सापडलेले पत्ते तक्त्यात दिसतात.

त्यानंतर षोडशमान ७५ क्रमांकाचे ओळख-रजिस्टर वाचावे. खऱ्या एमपीयू-६०५० कडून ६८ हे उत्तर येते आणि एडी० जोडून पत्ता बदलला तरी ते तेच राहते. ७० आले तर चिप एमपीयू-६५०० आहे आणि ७१ आले तर एमपीयू-९२५०. एका नावाने दुसरी चिप विकली जाण्याचे प्रकार घडतात आणि काही लायब्रऱ्या अनपेक्षित उत्तर मिळताच पुढे जाण्यास नकार देतात.

पुरवठा मिळताच हा संवेदक निद्रावस्थेत असतो. षोडशमान ६बी क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये शून्य लिहिल्यावर तो जागा होतो. तेथे १ लिहिल्यास तो जागा तर होतोच, शिवाय जायरोस्कोपवर आधारित अधिक स्थिर घड्याळ वापरतो. ही पायरी विसरली, की सर्व मापने शून्य येतात आणि नवीन बोर्ड निकामी म्हणून बाजूला टाकला जातो.

मापने ३बी पासून ४८ पर्यंतच्या १४ रजिस्टरांत क्रमाने असतात: तीन अक्षांचे त्वरण, तापमान आणि तीन अक्षांचा कोनीय वेग. प्रत्येक मापनाला दोन बाइट लागतात व त्यांपैकी वरचा बाइट आधी येतो. सर्व १४ बाइट एकाच वेळी वाचावेत, म्हणजे ती एकाच क्षणाची ठरतात. दोन बाइट जोडून येणारी संख्या ऋणही असू शकते. आर्डुइनो उनोवर साधी पूर्णांक संख्या १६ बिटांचीच असल्याने ऋण चिन्ह आपोआप मिळते. पायथनमध्ये किंवा ईएसपी३२ सारख्या ३२ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरवर तसे होत नाही. तेथे संख्या ३२७६८ किंवा अधिक असल्यास तिच्यातून ६५५३६ वजा करावे लागतात किंवा ती १६ बिटांच्या सचिन्ह प्रकारात बदलावी लागते. उनोवर चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्या बोर्डवर किंचित ऋण मापनासाठी ४ जीच्या जवळपासचे आकडे दाखवू लागला, तर बहुधा हेच कारण असते.

बोर्ड सपाट ठेवला असता त्वरणाची एक्स आणि वाय मूल्ये शून्याजवळ व झेड मूल्य १६३८४ च्या जवळ यायला हवे. वाय मूल्य ८१९२ आणि झेड मूल्य १४१८९ आले, तर त्यांच्या गुणोत्तराच्या व्यस्त स्पर्शज्येवरून (आर्कटॅन) कल ३० अंश निघतो.

शून्य त्रुटी

शाळेत व्हर्नियर कॅलिपर हाताळताना शिकवली जाणारी शून्य त्रुटी येथेही असते आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नसते. माहितीपत्रकानुसार त्वरणमापकाची ही त्रुटी एक्स व वाय अक्षांवर ±०.०५ जी आणि झेड अक्षावर ±०.०८ जीपर्यंत असू शकते. ०.०५ जी म्हणजे कलात जवळजवळ ३ अंशांची चूक. ती काढण्यासाठी बोर्ड आलटून पालटून सहाही बाजूंवर टेकवून मापने घेतात. एका अक्षावरील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मूल्याची सरासरी ही त्या अक्षाची त्रुटी होय. जायरोस्कोपच्या बाबतीत ती २० अंश प्रति सेकंदापर्यंत जाऊ शकते. बोर्ड पूर्ण स्थिर ठेवून हजारभर मापनांची सरासरी काढणे आणि ती पुढील प्रत्येक मापनातून वजा करणे हा त्यावरचा उपाय. तापमानाबरोबर ही त्रुटी सरकत असल्याने दर वेळी पुरवठा सुरू केल्यावर ती नव्याने मोजणे योग्य ठरते.

दोन मापनांचा मेळ

एकट्या त्वरणमापकावरून काढलेला कोन संवेदक स्थिर असेपर्यंतच खरा असतो. बसने ०.३ जी इतका ब्रेक लावला, तर सपाट रस्त्यावरही संवेदकाला आपण सुमारे १७ अंशांनी कललो आहोत असे वाटते. मोटारीच्या थरथरीने तर हा कोन सतत नाचत राहतो. जायरोस्कोपवर या कशाचाही फारसा परिणाम होत नाही, पण त्याच्या कोनीय वेगाचे काळानुसार संकलन करून कोन काढावा लागतो आणि उरलीसुरली त्रुटीही त्याबरोबर साठत जाते. अर्धा अंश प्रति सेकंद एवढी त्रुटी शिल्लक राहिली, तर मिनिटभरात कोन ३० अंशांनी चुकतो.

म्हणजे एक साधन क्षणापुरते अविश्वसनीय पण दीर्घ काळात खरे, तर दुसरे नेमके याच्या उलट. यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पूरक गाळणी. मागील कोनात कोनीय वेग गुणिले गेलेला काळ मिळवायचा, त्या बेरजेचा ०.९८ भाग घ्यायचा आणि त्यात त्वरणमापकाच्या कोनाचा ०.०२ भाग मिळवायचा. मापने सेकंदाला १०० वेळा होत असतील, तर या गुणकांनुसार साधारण अर्ध्या सेकंदापेक्षा कमी काळासाठी जायरोस्कोपचे म्हणणे चालते आणि त्याहून अधिक काळासाठी त्वरणमापकाचे. तोल सांभाळणाऱ्या रोबोला एवढे पुरते.

गाळणी चुकण्याची नेहमीची कारणे दोन. पहिले म्हणजे दोन्ही कोनांची चिन्हे न जुळणे. बोर्ड हाताने कलवून दोन्ही कोन एकाच दिशेने वाढतात ना, हे आधी वेगवेगळे छापून पाहावे. दुसरे कारण काळाचे. रास्पबेरी पायवरील लिनक्स इतरही कामे करत असल्याने दोन मापनांमधील अंतर ठरावीक राहत नाही. ते गृहीत न धरता दर वेळी घड्याळावरून मोजावे.

मोटारींच्या थरथरीसाठी चिपमध्येच एक अंकीय गाळणी आहे. षोडशमान १ए क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये ३ लिहिले की सुमारे ४४ हर्ट्झपेक्षा जलद बदल दबले जातात, पण मापन सुमारे ५ मिलिसेकंद उशिरा मिळते. ६ लिहिल्यास मर्यादा ५ हर्ट्झवर येते आणि विलंब १९ मिलिसेकंदांपर्यंत वाढतो. मापने जेवढी शांत तेवढा रोबो मंद, हा व्यवहार टळत नाही.

याहून प्रगत पद्धतींत रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेली गाळणी आणि सबॅस्टियन मॅजविक यांची २०१० मधील पद्धत प्रचलित आहेत. विद्यार्थी अनेकदा थेट कालमन गाळणीकडे वळतात. शून्य त्रुटी न काढता तिचा उपयोग फारसा होत नाही.

मर्यादा

उभ्या अक्षाभोवती फिरल्याने गुरुत्वाची दिशा बदलत नाही, त्यामुळे वस्तू कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे त्वरणमापकाला कळत नाही. ही दिशा केवळ जायरोस्कोपवर अवलंबून राहते आणि हळूहळू सरकत जाते. तिच्यासाठी चुंबकत्वमापक लागतो. एमपीयू-९२५० मध्ये तो समाविष्ट होता. बीबीसी मायक्रोबिट या शैक्षणिक बोर्डवर त्वरणमापक आणि चुंबकत्वमापक दोन्ही असतात. पण जवळपासचे लोखंड आणि मोटारींतील चुंबक त्याचे मापन बिघडवतात.

त्वरणाचे दोनदा संकलन करून कापलेले अंतर काढण्याची कल्पना अनेक प्रकल्प-प्रस्तावांत आढळते. कलात फक्त १ अंशाची चूक असेल, तर गुरुत्वाचा ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा भाग आडवे त्वरण म्हणून गणला जातो. परिणामी, जागेवर उभा असलेला रोबो १० सेकंदांत साडेआठ मीटर आणि मिनिटभरात तीनशे मीटरहून अधिक अंतर गेला असे उत्तर मिळते. अंतर मोजण्यासाठी चाकांवरील फेरे मोजणारा एन्कोडर किंवा मोकळ्या जागेत जीपीएस यांचाच आधार घ्यावा लागतो.