समुद्राकाठी चार दिवसांचे बिऱ्हाड

तुळजापूर, पंढरपूर, फार तर कोल्हापूरची अंबाबाई आणि जोतिबा. आपल्या नांदेड-लातूरकडच्या बहुतेक कुटुंबांचा प्रवास इथेच संपतो, आणि मुक्काम भक्तनिवासात नाहीतर धर्मशाळेत होतो. पण कोल्हापुरापासून रत्नागिरी अवघी १३० किलोमीटर आहे. नांदेडहून लोहा, अहमदपूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मिरज असा येणारा महामार्ग आंबा घाट उतरून थेट समुद्राला भिडतो. मिरज म्हटले की लातूरकरांना २०१६ चा एप्रिल आठवेल. पाण्याची रेल्वेगाडी तिथूनच आली होती.

रत्नागिरीत आणि आसपास आता अख्खे घर चार-आठ दिवसांसाठी भाड्याने मिळते. भावाभावांचे मिळून बारा-पंधरा माणसांचे खटले असेल तर लॉजच्या पाच खोल्या घेण्यापेक्षा हे बहुधा स्वस्त पडते, आणि म्हातारी माणसे व पोरेबाळे एका छपराखाली राहतात. तिकडची जुनी घरे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची, वर उतरती कौले, पुढे ओटी-पडवी, मध्ये माजघर, मागे विहीर आणि परसात नारळ-पोफळी. माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला ते छप्पर नवखे वाटते. पण तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे त्याच्या चौथाईच्या आसपास. आपले मातीचे माळवद तिथे एक मृगही काढणार नाही.

घर मोठे म्हणजे स्वयंपाकघरही आलेच, आणि खरी मेख इथे आहे. पुरुषमंडळी ओटीवर सुपारी कातरत बसतात, पोरे वाळूत लोळतात, आणि बाया मात्र पंधरा माणसांच्या भाकऱ्या परक्या घरात थापतात. मग त्यांची सहल ती कसली? वर्षभर खुरपणी-काढणीला त्या बरोबरीने राबतात, आणि सुट्टीतही चूल सुटत नाही. खर्च वाचतो म्हणून घर घ्यायचे आणि तो वाचवायचा बायांच्या कष्टातून, हा हिशेब काही बरोबर नाही. म्हणून घर ठरवतानाच मालकिणीला विचारावे, दोन वेळचे जेवण करून मिळेल का? पुष्कळ ठिकाणी ताटाप्रमाणे पैसे घेऊन मिळते. तांदळाची भाकरी, आमटी, सोलकढी, सांगितले तर उकडीचे मोदक. ज्वारीशिवाय ज्यांचे भागत नाही त्यांनी पिशवीभर पीठ बरोबर न्यावे. एखाद्या सकाळी लेकांनी भाकरी थापून पाहायलाही हरकत नाही! घरात माळकरी असतील तर तेही आधीच सांगावे, कारण तिकडच्या स्वयंपाकात मासळी रोजचीच.

बाकी चौकशी फोनवरच करावी. 'समुद्राजवळ' म्हणजे चालत किती मिनिटे? संडास किती? अंथरुणे किती? आणि पाणी? एवढा पाऊस पडूनही कोकणात मे महिन्यात कित्येक विहिरी तळ गाठतात. राज्याच्या पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत घराची नोंद आहे का, ते विचारावे आणि आगाऊ रकमेची पावती घ्यावी. हरभरा-ज्वारी घरात आल्यावर, माघ-फाल्गुनात गेलेले बरे. मे महिन्यात हापूस असतो, पण गर्दी आणि भाडेही तसेच.

पाहायला पुष्कळ आहे. टिळकांचे जन्मघर आहे, रत्नदुर्गावर भगवतीचे देऊळ आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून पुढे इथे ठेवले. त्याच्यासाठी १९१० साली मोठा राजवाडा पुरा झाला, पण घरी परतण्याची मोकळीक काही मिळाली नाही. १९१६ साली तो इथेच वारला. शेतकऱ्याने भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र चुकवू नये. नारळाच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी कशी घेतात ते पाहिले की आपल्या आंतरपिकांची आठवण होते.

समुद्राची गोष्ट मात्र निराळी. आपली पोरे विहिरीत सूर मारणारी, गोदावरी-मांजरेत पोहणारी, त्यामुळे त्यांना भीती नसते, आणि घात त्यानेच होतो. विहिरीचे पाणी जागच्या जागी असते, समुद्राचे नाही. ते सुमारे सहा तास चढते, तितकाच वेळ उतरते, आणि भरतीची वेळ रोज जवळजवळ पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण मोठे. उतरते पाणी पायाखालची वाळू काढून आत ओढते, तिथे पोहण्याची कला कामी येत नाही. भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते. अशा खाडीच्या मुखाशी तर पाण्यात उतरूच नये. रोज सकाळी घरमालकाला किंवा किनाऱ्यावरच्या कोळ्याला भरतीची वेळ विचारावी, गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नये, आणि पोरे पाण्यात असेपर्यंत एका जाणत्या माणसाने काठावर नुसते त्यांच्याकडे पाहत बसावे.