समुद्रतळाचा चिखल ज्वालामुखीच्या तोंडून

भूगोलाच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य आम्हाला दरवर्षी हमखास भेटते: ‘एक भूपट्ट दुसऱ्याच्या खाली जातो, तिथे तो वितळतो आणि तोच रस ज्वालामुखीतून बाहेर येतो.’ आमच्या हिंदी माध्यमाच्या पुस्तकातही जवळपास असेच होते. वाक्य अगदीच खोटे नाही. पण त्यात खरी गंमत मात्र हरवते. खाली जाणारा भूपट्ट समुद्रात कोट्यवधी वर्षे राहून थंड झालेला असतो. त्यावरचा गाळ थोडाफार वितळतो, काही ठिकाणी कवचही वितळते. परंतु बाहेर येणाऱ्या रसाचा मोठा भाग असतो तो वरच्या प्रावरणाचा, म्हणजे भूपट्टाच्या डोक्यावर असलेल्या तप्त खडकाचा.

मग तो खडक आधीच का वितळलेला नव्हता? याचे उत्तर पाण्यात आहे. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडे मीठ टाकतात, हे घरच्या मोठ्यांना विचारा. मिठामुळे बर्फ शून्य अंशाच्याही खाली वितळू लागतो. बर्फावर जे काम मीठ करते, तेच तप्त खडकावर पाणी करते. समुद्रतळाच्या कवचात आणि गाळात पाणी खनिजांच्या आत बांधलेले असते. भूपट्ट शंभरेक किलोमीटर खोल जाईपर्यंत उष्णतेने आणि दाबाने ही खनिजे मोडतात, पाणी सुटते व वर चढते. त्यामुळे वरच्या खडकाचा वितळण्याचा बिंदू कित्येक शे अंशांनी खाली येतो. नवी भट्टी पेटवावी लागत नाही. आहे त्याच उष्णतेत खडक पाझरू लागतो.

हे पाणी रिकाम्या हाताने येत नाही. पाण्यात सहज विरघळणारी मूलद्रव्ये, म्हणजे बेरियम, स्ट्रॉन्शियम, बोरॉन, शिसे, ते आपल्याबरोबर घेऊन येते. नायोबियमसारखी हट्टी मूलद्रव्ये खालीच राहतात. म्हणून अशा ज्वालामुखींच्या लाव्हात बेरियम भरपूर आणि नायोबियम कमी, अशी एक ठरलेली खूण दिसते. हवाई बेटांच्या लाव्हात ती आढळत नाही.

आता कोणी चिकित्सक मुलगा विचारील (आणि विचारावेच) की हे बेरियम चिखलातूनच आले, मुळात खालच्या खडकातले नव्हते, याला पुरावा काय? पुरावा आहे, आणि तो आकाशातून पडलेला आहे!

अवकाशातून येणारे विश्वकिरण आपल्या हवेतल्या नायट्रोजन व ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात, तेव्हा बेरिलियम-१० नावाचा किरणोत्सारी अणू तयार होतो. तो पावसाबरोबर खाली येतो आणि समुद्रतळाच्या गाळात बसतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे १४ लाख वर्षे. पृथ्वीच्या पोटात मुळापासून असता, तर साडेचार अब्ज वर्षांत केव्हाच संपला असता. तेव्हा ताज्या लाव्हात तो सापडला, तर मार्ग एकच: वरचा चिखल खाली गेला आणि पुन्हा वर आला.

१९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी तो शोधला. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाच्या लाव्हात त्याचे प्रमाण विशेष भरले. ग्रॅमभर दगडात कोटी-दोन कोटी अणू म्हणजे पुष्कळ वाटतात. पण ग्रॅमभर दगडातले एकूण अणू लिहायचे तर एकावर बावीस शून्ये द्यावी लागतील. इतक्या गर्दीतून हे थोडके अणू मोजण्यासाठी कणत्वरकाला जोडलेली यंत्रे वापरली गेली.

नववी-दहावीच्या मुलांनी येथे थोडे गणित करावे. निकाराग्वाच्या किनाऱ्यापाशी कोकोस भूपट्ट वर्षाला सुमारे ८ सेंटीमीटर सरकतो. सागरी गर्तेपासून ज्वालामुखीखालच्या जागेपर्यंतची वाट २०० किलोमीटर धरा. वेळ लागतो २५ लाख वर्षे, म्हणजे दोन अर्धायुकालांपेक्षा थोडा कमी. एक चतुर्थांशाहून अधिक बेरिलियम शिल्लक उरते. हिशोब जुळतो. हाच प्रवास दीड कोटी वर्षांचा असता, तर हजारातला एक अणूही उरला नसता. शिवाय हे बेरिलियम अलीकडच्या गाळात, म्हणजे सगळ्यात वरच्या थरांतच असते. तेव्हा निकाराग्वापाशी वरचा थरसुद्धा खरवडला न जाता खाली जातो, हेही कळले. शेजारच्या कोस्टारिकात मात्र लाव्हात ते जवळजवळ नाही. तिथे वरचा गाळ वाटेतच किनाऱ्याला चिकटून राहतो, असे एक मत आहे.

या गाळाचा नमुनाही प्रत्यक्ष काढलेला आहे. १९७९ साली ‘ग्लोमर चॅलेंजर’ या जहाजाने ग्वाटेमालासमोर याच भूपट्टावर छिद्र पाडले. चारशे मीटरांहून थोडा अधिक गाळ निघाला. वर चिखल, खाली खडूसारखा चुना. पुढे १९९३ मध्ये टेरी प्लँक आणि चार्ल्स लँगम्यूर यांनी जगातल्या अनेक गर्तांचा जमाखर्च मांडला. ज्या गर्तेत बेरियम जास्त जाते, तिथल्या ज्वालामुखीतून जास्त निघते, हे त्यांनी दाखवले. आमच्या विश्वस्तांना अशी जुळलेली ताळेबंदे फार आवडतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

याचा माणसांशी काय संबंध? पाणी केवळ खडक वितळवून थांबत नाही. ते रसात विरघळून राहते आणि वर येताना, दाब कमी होताच, सोड्याच्या बाटलीसारखे उसळते. निकाराग्वातला सेरो नेग्रो १८५० मध्ये जन्मलेला लहानसा ज्वालामुखी. त्याचा रस बेसाल्टचाच, पण पाणी पाच-सहा टक्क्यांपर्यंत. १९९२ मध्ये त्याची राख सुमारे २० किलोमीटरवरच्या लेओन शहरावर पडली. आपल्या माळव्याचा काळा पाषाणही बेसाल्टच. परंतु सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो रस भूपट्ट खाली जाऊन बनलेला नव्हता. तो बहुतांशी पुरासारखा पसरत गेला. म्हणूनच आपल्याकडे थरावर थर दिसतात.

आपल्या देशातही पहिल्या प्रकारचा एक जागता ज्वालामुखी आहे, अंदमान समुद्रातले बॅरन बेट. तिथे भारतीय भूपट्ट खाली जातो आणि त्याच्यावर बंगालच्या उपसागराचा गाळ असतो. हा गाळ मुख्यतः गंगा-ब्रह्मपुत्रेने हिमालयातून आणलेला. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून बॅरन १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला, आणि त्यानंतरही अनेकदा धुमसला आहे. नकाशात अंदमानाच्या पूर्वेला, मुख्य बेटांपासून जरा दूर, तो ठिपका सापडतो.