गावाकडची वाट : रेल्वेने की मोटारीने?

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ हे तालुके पूर्वापार अवर्षणप्रवण म्हणून ओळखले जातात. पोटासाठी गाव सोडावे लागलेल्या येथील अनेक कुटुंबांनी सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचे, म्हणजेच गलाईचे काम हाती घेतले. आज देशातील बहुतेक मोठ्या सराफ बाजारांत हे गलाई कारागीर आढळतात. चेन्नईतील सौकारपेट ही त्यांपैकीच एक जागा होय. वर्षातून एक-दोन वेळा, दिवाळीला किंवा उन्हाळ्यातील लग्नसराईत, ही माणसे विट्याकडे निघतात. प्रवास हजार किलोमीटरांहून अधिक असतो. अशा वेळी घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो : रेल्वेने जावे, की मोटार काढावी?

बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर फार लवकर दिले जाते. एका बाजूला पाच तिकिटांचे पैसे मांडले जातात, दुसऱ्या बाजूला पेट्रोलचे. हा हिशेब चुकीचा नसला तरी तो अपुरा आहे.

प्रथम मार्गाचा विचार करू. चेन्नईहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ वेल्लूर, बेंगळुरू, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असा थेट कराडला येतो. तेथून विटा जवळच आहे. हे अंतर सुमारे १,०७० किलोमीटर भरते. लोहमार्ग मात्र असा सरळ नाही. दक्षिण भारतातील पहिली रेल्वे १८५६ मध्ये मद्रासच्या रॉयपुरम स्थानकातून वालाजा रोडपर्यंत धावली. पुढे मद्रासकडून आणि मुंबईकडून आलेले दोन कंपन्यांचे मार्ग १८७१ मध्ये रायचूर येथे एकमेकांना मिळाले. आजही चेन्नई-मुंबई गाड्या त्याच वाटेने गुंटकल, रायचूर, वाडी, सोलापूर, पुणे अशा जातात. विट्याच्या प्रवाशाला म्हणून सोलापुरास उतरून एस. टी. धरावी लागते. बेंगळुरूला गाडी बदलून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरजेस येण्याचाही एक पर्याय आहे. परंतु रेल्वेभाड्यात अंतर वाढते तसा दर किलोमीटरचा दर उतरत जातो. त्यामुळे एका लांब तिकिटापेक्षा दोन तुकड्यांची तिकिटे सहसा महाग पडतात, शिवाय मधल्या स्थानकात मुलाबाळांसह ताटकळणे आलेच.

आता समजा, एका कुटुंबात पाच माणसे आहेत : पती, पत्नी, सत्तर वर्षांची आजी, चौदा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. पुढील आकडे हिशेबाच्या सोयीसाठी ठोकळमानाने घेतले आहेत. वाचकांनी त्या त्या वेळचे दर घालून तो पुन्हा मांडावा.

चेन्नई ते सोलापूर हे अंतर रेल्वेने सुमारे ८२५ किलोमीटर आहे. शयनयान वर्गाचे भाडे माणशी ४५० रुपये धरले, तर पाच जणांचे जाऊन-येऊन ४,५०० रुपये होतात. तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्याचे भाडे १,१५० रुपये धरल्यास हीच रक्कम ११,५०० होते. मुलाचे अर्धे तिकीट अनेक जण गृहीत धरतात. पण एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे पडते. आजीला पूर्वी मिळणारी ज्येष्ठ नागरिकांची सवलतही रेल्वेने मार्च २०२० मध्ये थांबविली. एस. टी.चा अनुभव याच्या उलट आहे. तेथे मुलाला अर्धे तिकीट लागते आणि मार्च २०२३ मध्ये महिलांनाही निम्म्या भाड्याची सवलत लागू झाली. त्यामुळे पाच माणसांची तिकिटे तीन पूर्ण तिकिटांच्या किमतीत येतात. सोलापूर-विटा भाडे ३०० रुपये धरले, तर दोन्ही वेळचे १,८०० रुपये लागतील. सौकारपेट ते स्थानक रिक्षाचे ३०० रुपये मिळविले की शयनयानाने एकूण ६,६०० आणि वातानुकूलित डब्याने १३,६०० रुपये खर्च येतो.

मोटारीचा हिशेब असा. जाऊन-येऊन २,१४० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर धरल्यास सुमारे १४३ लिटर पेट्रोल. १०० रुपये लिटर दराने १४,३०० रुपये. पथकराचे जाऊन-येऊन ३,००० धरू. ऑगस्ट २०२५ मध्ये खाजगी मोटारींसाठी राष्ट्रीय महामार्गांचा ३,००० रुपयांचा वार्षिक पास सुरू झाला; म्हणजे या एका प्रवासातच पासाची किंमत जवळजवळ वसूल होते. इतके लांबचे अंतर एकाच चालकाने एका दमात कापणे धोक्याचे असल्यामुळे चित्रदुर्ग किंवा हुबळीच्या आसपास एक मुक्काम हवा. दोन्ही वेळचे त्याचे ४,००० रुपये. बेरीज २१,३०० रुपये होते.

येथपर्यंतचा खर्च खिशातून रोख जातो, म्हणून तो दिसतो. न दिसणारा खर्च पुढेच आहे. चार टायरांचा संच २० हजारांना मिळतो आणि ४० हजार किलोमीटर चालतो असे मानले, तर प्रत्येक किलोमीटरला ५० पैसे नुसते टायर झिजतात; या एका प्रवासात १,०७० रुपये. तेल, दुरुस्ती आणि गाडीची उतरत जाणारी किंमत यांची भर घालून किलोमीटरला ४ रुपये धरले, तर आणखी साडेआठ हजार रुपये होतात. एकूण आकडा तीस हजारांच्या घरात जातो.

रेल्वेच्या बाजूनेही एक खर्च सांगायचा राहतो. गावी पोचल्यावर कुलदैवताचे दर्शन, नातेवाइकांच्या भेटी, लग्नाची धावपळ यांसाठी वाहन लागतेच. भाड्याच्या जीपचे ५,००० रुपये धरले, तर वातानुकूलित डब्याचा प्रवास १८,६०० रुपयांवर जातो. तरीही तो मोटारीपेक्षा स्वस्तच राहतो.

या हिशेबामागे एक साधा नियम आहे. रेल्वेचा खर्च माणसांच्या संख्येने गुणला जातो, मोटारीचा खर्च माणसांच्या संख्येने भागला जातो. दोघेच निघाले, तर शयनयानाची तिकिटे १,८०० रुपयांत येतात. पेट्रोल आणि पथकर मात्र १७,३०० च्या १७,३००. अंतर कमी झाले की चित्र बदलते. चेन्नई-बेंगळुरू रस्त्याने ३५० किलोमीटर आहे. एका बाजूचे पेट्रोल आणि पथकर मिळून सुमारे २,८०० रुपये होतात. वातानुकूलित चेअर कारचे भाडे ६०० रुपये धरले, तर पाच जणांना ३,००० लागतील, म्हणजे दोन्ही पारडी जवळजवळ समान. तोच प्रवास १९६४ पासून धावणाऱ्या वृंदावन एक्स्प्रेससारख्या गाडीत, दुसऱ्या वर्गाच्या बैठ्या डब्यातून केला, तर पाच जणांचे हजार रुपयेही होणार नाहीत. महाबलीपुरमला तर रेल्वेच नाही. तेथे बस किंवा मोटार यांतूनच निवड करावी लागते.

पैशांपलीकडचीही एक बाब आहे. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दिवसभर भट्टीसमोर काम करून रात्री चाकावर बसणाऱ्या माणसाने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. उलट, गुडघे दुखणाऱ्या आजीला गर्दीच्या फलाटावरून सामानासह चालत नेणे किती कठीण असते, हेही ज्याने केले त्यालाच ठाऊक. दारातून दारापर्यंत नेणारी मोटार तिच्यासाठी चैन ठरत नाही.

खरी चूक होते ती मोटार विकत घेण्याच्या निर्णयात. 'गावी जायला बरी पडेल' म्हणून कर्ज काढले जाते. हप्ता महिना ९,००० रुपये असेल, तर वर्षाला १,०८,००० रुपये भरावे लागतात, गाडी दारात उभी असली तरीही. वर्षातून दोन वेळा वातानुकूलित डब्याने गावी जाऊन, तेथे जीप भाड्याने घेऊनही एकूण ३७,२०० रुपयेच लागतात. रोजच्या धंद्यासाठी मोटार लागत असेल तर गोष्ट निराळी. मग हप्ता धंद्यावर पडतो आणि गावच्या प्रवासाला फक्त इंधन, पथकर, मुक्काम व झीज लावणे योग्य ठरते.

रेल्वेचा हा स्वस्तपणा आरक्षण मिळाले तरच हाती लागतो. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. दिवाळीच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात. ती वेळ चुकली, तर प्रवासाच्या आदल्या दिवशी तत्काळ तिकिटांसाठी धडपड करावी लागते, आणि तृतीय श्रेणी वातानुकूलित वर्गात त्यासाठी माणशी ३०० ते ४०० रुपये जादा पडतात. म्हणून दिवाळीच्या तारखेपासून साठ दिवस मागे मोजून तो दिवस घरातील दिनदर्शिकेवर आधीच खुणेने नोंदवून ठेवावा. परतीच्या तिकिटाचा दिवस मात्र त्यानंतर येतो. त्याची खूण वेगळी करावी.