एका जहाजाचं सर्व्हिस बुक

जे जहाज कधी अस्तित्वातच नव्हतं, त्याचं वय किती यावर माणसं भांडू शकतात का? चांगली शिकलेली, कमावती, शहाणीसुरती माणसं? भांडतात! आणि तीही गेली चाळीस वर्षं.

'स्टार ट्रेक' हे नाव तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ही मालिका सुरू झाली आणि तीन वर्षांत तिचे ७९ भाग झाले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ती दूरदर्शनवर लागायची. टोकदार कानांचा, कधीही न चिडणारा मिस्टर स्पॉक, रुबाबदार कॅप्टन कर्क आणि त्यांचं ते बशीच्या आकाराचं अवकाशजहाज, एंटरप्राइज. मालिका संपली, पण चाहते काही संपले नाहीत. पुढे चित्रपट आले, नव्या मालिका आल्या आणि त्यांच्याबरोबर वादही आले.

त्यातला सगळ्यात चिवट वाद जहाजाच्या नोकरीचा! १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटात एक बडे अधिकारी कर्कला सांगतात, की तुझं जहाज आता वीस वर्षांचं झालं, त्याचे दिवस भरले. झालं! चाहते कागद-पेन्सिल घेऊन बसले. १९६६ च्या 'द मेनॅजरी' या भागांत स्पॉक सांगतो, की कर्कच्या आधीच्या कॅप्टन पाइकच्या हाताखाली त्यानं ११ वर्षं, ४ महिने, ५ दिवस काम केलं. पाइकची जी कथा त्यात दिसते, ती तेरा वर्षांपूर्वीची. पुढे कर्क खान नावाच्या खलनायकाला एका ग्रहावर सोडून येतो आणि दुसऱ्या चित्रपटात तो परत भेटतो तेव्हा पंधरा वर्षं उलटलेली असतात. तिसरा चित्रपट त्याला लागूनच. तेरा आणि पंधरा अठ्ठावीस! मग वीस आले कुठून?

एक पक्ष म्हणतो, पटकथा लिहिणाऱ्याचा हिशेब चुकला, सोडून द्या. दुसरा म्हणतो, मधे जहाजाची मोठी दुरुस्ती झाली, साहेबांनी तिथून मोजलं. पण तिथून मोजलं तर बहुतेकांच्या हिशेबात वीस भरतच नाहीत. तिसरा पक्ष म्हणतो, साहेबांनी कर्क कॅप्टन झाला तेव्हापासून मोजलं. १९९३ मध्ये मायकल आणि डेनिस ओकुडा या दांपत्यानं या सगळ्या कथाविश्वाचा कालक्रम पुस्तकरूपानं मांडला. त्यातली बरीच सालं अंदाजानं बसवलेली आहेत, हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. त्यात जहाजाचं जलावतरण (की अवकाशावतरण म्हणू?) २२४५ सालचं. त्या हिशेबानं मोडीत निघताना जहाज चाळिशीला आलेलं होतं. म्हणजे निम्मी नोकरी साहेबांच्या तोंडी आलीच नाही.

माझी भाची आणि तिचा नवरा या विषयावर जेवणाच्या ताटावरही वाद घालतात. एकदा ती मलाच म्हणाली, "मावशी, तू आस्थापना शाखेत होतीस ना? मग तूच सांग, सेवा कुठपासून धरायची?"

मी म्हटलं, "अगं, रुजू झाल्याच्या तारखेपासून! साहेब कोण होता याच्याशी सर्व्हिस बुकाला काय घेणंदेणं?"

हे मी हसत बोलले खरी, पण मला आमच्या ऑफिसातल्या एक शिपाईबाई आठवल्या. बाई निवृत्तीला आल्या तेव्हा त्यांच्या सेवापुस्तकात पहिली आठ वर्षं नव्हतीच! तात्पुरत्या नेमणुकीवर होत्या ती वर्षं. नंतर कायम झाल्या आणि नवं पुस्तक उघडलं गेलं, तिथूनच त्यांची नोकरी सुरू झाली असं सगळे धरून चालले. "मी तर पहिल्या साहेबापासून आहे हो बाई," एवढंच त्या म्हणायच्या. पण पेन्शनला तोंडी सांगणं चालत नाही. मी आणि आमचे एक वरिष्ठ लिपिक पंधरा दिवस रेकॉर्ड रूममध्ये जुने हजेरीपट उपसत होतो. पाच वर्षांचे सापडले. तीन वर्षांचे वाळवीनं खाल्ले होते. पाच वर्षं लागली, तीन गेली ती गेलीच. बाईंनी मात्र ऑफिसात पेढे वाटले.

म्हणून या चाहत्यांचं मला हसू येत नाही. वाद जहाजाचा असला तरी प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे. नामवंत माणूस आला तेव्हापासूनच मोजायचं का?

आणि गंमत बघा, एंटरप्राइजच्या नोंदींत बायकांची मोठी जागा आहे. सगळ्यात पहिला चाचणी भाग १९६५ मध्ये पुरा झाला. त्यात जहाजावर दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक स्त्री होती. मॅजेल बॅरेट यांनी ती भूमिका केली. पण तिला नावच नव्हतं, सगळे 'नंबर वन' म्हणायचे. वाहिनीनं तो भाग नाकारला आणि पुढच्या मालिकेत ही बाई उरली नाही. मॅजेल मग नर्स झाल्या! जहाजाचा पहिला कॅप्टन रॉबर्ट एप्रिल पडद्यावर आला तो १९७४ च्या कार्टून मालिकेत. त्याची बायको सारा त्याच जहाजावर डॉक्टर होती. पण ती कार्टून मालिका अनेक वर्षं अधिकृत इतिहासात धरली जात नव्हती, त्यामुळे दोघांचीही नोकरी लोंबकळत राहिली. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये एप्रिल दिसला आणि 'नंबर वन'ही ऊना या नावानं ठसठशीतपणे उभी राहिली. अर्ध्या शतकाहून जास्त थकबाकी होती ती!

नोंदी ठेवणाऱ्याही बायकाच. घरोघरी व्हिडिओ नव्हते त्या काळात बीजो ट्रिंबल आणि डोरोथी जोन्स यांनी प्रत्येक भागातली पात्रं, ग्रह, जहाजं यांची सूची तयार केली. १९६९ मध्ये ती चाहत्यांसाठी छापली गेली आणि १९७६ मध्ये मोठ्या प्रकाशकानं काढली. मालिका बंद पडू नये म्हणून पत्रांचा पाऊस पाडणाऱ्या मोहिमेतही ट्रिंबलबाई पुढे होत्या. १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळेच नासाच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइज' हे नाव मिळालं.

या उद्योगाचा उपयोग काय, असं विचारणारे असतातच. चित्रीकरणात वापरलेली जहाजाची अकरा फुटी प्रतिकृती १९७४ पासून अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या विमान व अवकाश संग्रहालयाकडे आहे. तिला पूर्वीचं रूप द्यायचं ठरलं, तेव्हा २०१५ मध्ये संग्रहालयानं चाहत्यांकडेच जुने फोटो मागितले. कुणीतरी हौसेनं काढून जपलेले फोटो! २०१६ मध्ये ती पुन्हा प्रदर्शनात मांडली गेली.

मैत्रिणींनो, आपल्यावर असं कुणी चाहते भांडणार नाहीत. त्यामुळे नोकरी करणाऱ्या असाल, तर तेवढं एक काम या आठवड्यात कराच. पहिला नेमणुकीचा कागद, तात्पुरत्या नोकरीचे आदेश, रजेचे मंजुरी आदेश एका फाइलला लावा. सरकारी नोकरीत असाल तर दुय्यम सेवापुस्तक मागून घ्या आणि दरवर्षी नोंदी करून घ्या. कामाला बाई ठेवली असेल, तर ती कधीपासून येते ते डायरीत लिहा आणि तिलाही लिहून द्या.

साहेब वीस म्हणाले, तर आपल्याकडे चाळिसाचा कागद हवा!